मागची सीट

"का विकताय?" असं त्या मुलानं विचारलं, तेव्हा मंदाकिनी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस हे विचारणारच. तीही सकाळपासून या प्रश्नाची वाट पाहत होती, आणि काय उत्तर द्यायचं ते यांनी ठरवलं असेल असं धरून चालली होती. तरी बाहेरून रघुनाथरावांचा आवाज आला, "हिला आता मागं बसवत नाही. कंबर धरते हिची. एकट्यानं हिंडण्यात मग काय राम?" आणि तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खोटं त्यांनी रचलेलं नव्हतं. कार्तिकात तिनंच त्यांना सांगितलं होतं की माझी कंबर दुखते, मी आता गाडीवर बसणार नाही. तिच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. त्या वेळी ते नुसतं "बरं" म्हणाले होते. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, डॉक्टरांना दाखवू या का, यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली आणि दोरी इतकी आवळून बांधली की ती सोडवायला आज सुरी लागली. ती कंबर त्यांनी आता एका परक्या माणसापुढं इतक्या सहज ठेवली की तिला वाटलं, हे वाक्य यांनी बरेच दिवस तोंडात घोळवलेलं असणार. ट्रे घेऊन बाहेर जाताना आपण किंचित वाकून चालतोय हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं ते तसंच राहू दिलं.

मुलगा म्हणजे तसा तिशीतला. रविंद्र त्याचं नाव. गाव शेळगाव, नोकरी लोणी देवकरला एका कारखान्यात, सुपरवायझर. त्याला कुंडलिक मेकॅनिकनं पाठवलं होतं. आल्याआल्या त्यानं आडनाव सांगितलं तेव्हा रघुनाथराव "अगं, चहा टाक" असं जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले होते, आणि बौद्ध घरातल्या त्या मुलाला तो मोठा आवाज ओळखीचा असावा, कारण तो खाली बघून हसला होता. आता तो खुर्चीच्या कडेवर बसून, कप दोन्ही हातांत धरून, दारातून दिसणाऱ्या गाडीकडं बघत होता. राजदूत तीनशेपन्नास. चौऱ्याऐंशी साली पुण्याहून आणलेली, दोन सिलिंडरची, पुढं वाऱ्याची काच आणि मागं दोन्ही बाजूंना चामड्याच्या पेट्या बसवून घेतलेली. तिच्यावरून ही दोघं गोव्याला गेली होती, हंपीला गेली होती, लेकीच्या, आसावरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला सोलापूरपर्यंत गेली होती. "काका, तुमी शेळगावला ठिबकची कामं करायला यायचा," रविंद्र म्हणाला. "आमी शाळेतली पोरं. फाट्यावर गाडी वळली की आवाज यायचा, सर बोर्डावर लिहीत असले तरी आमी खिडकीत. काकूंच्या डोक्याला पिवळा रुमाल असायचा." मंदाकिनीला तो रुमाल आठवेना. पिवळा आपण कधी वापरला? पण मुलगा इतक्या खात्रीनं सांगत होता की तिला क्षणभर वाटलं, तो दुसऱ्याच कुणा बाईला ओळखतो, आणि ती बाई कुठं गेली ते आपल्याला माहीत नाही.

रघुनाथराव उठले. चार पावलं चालून दार, दारातून डावीकडं, मग एक पायरी, मग गाडी. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि रविंद्रच्या आवाजाच्या दिशेनं बरोबर तोंड करून ते बोलू लागले. चेन कधी बदलली, कार्ब्युरेटर कुठं साफ करून घेतला, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं. बोलताना त्यांची बोटं त्या त्या भागावर अचूक जात होती. बघणाऱ्याला वाटावं, किती प्रेम आहे या माणसाचं गाडीवर. प्रेम होतंच, पण रघुनाथरावांना दिसत नव्हतं. काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांकडं ते एकटेच जाऊन आले होते, आणि आल्यावर "चष्म्याचा नंबर बदललाय" एवढंच म्हणाले होते. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली तिला फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागं सापडली. तिनं ती पुन्हा बरणीमागं ठेवली. कडेकडेनं अंधार आत येत गेला आणि मध्ये नळीएवढा उजेड उरला. त्या उजेडात समोरची एखादी गोष्ट अजून दिसे, बाजूची काहीच दिसत नसे. घरातली तिपाई तेव्हापासून एका बोटानंही हलली नाही. मोलकरणीनं झाडताना खुर्ची सरकवली तर मंदाकिनी ती मागून जाऊन जागेवर ठेवी. आणि एवढं सगळं करून, "तुम्हाला दिसत नाही" असं तिनं कधी म्हटलं नाही, "मला दिसत नाही" असं त्यांनीही म्हटलं नाही. आसावरी पुण्याहून आली की दोघं जास्तच व्यवस्थित वागत. ती परत गेली की दमून बसत.

"फिरवून आण," रघुनाथराव म्हणाले. "ही येईल सोबत. घरचं माणूस बरोबर असलेलं बरं."

"पर काकूंची कंबर—"

"जवळपास चालतं तिला," रघुनाथराव म्हणाले.

रविंद्रनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर खोचला. पन्नाशी उलटलेल्या बाईनं अनोळखी मुलाच्या मागं बसून जायचं, हे कॉलनीतल्या खिडक्यांना आवडणार नव्हतं; पण खिडक्यांचा विचार तिनं मागच्या दीड-दोन वर्षांत सोडून दिला होता. गाडी पहिल्या किकला लागली नाही, तिसऱ्या किकला लागली. निळा धूर, जळक्या ऑइलचा वास. रघुनाथराव मान जरा तिरकी करून ऐकत होते. निघताना तिनं मागं वळून पाहिलं, तर ते अजून गाडी जिथं होती तिथंच बघत होते.

भिगवण चौक मागं पडला, मग इंदापूर रस्ता लागला. पौषातली सकाळची उन्हं, दोन्हीकडं तुटलेल्या उसाची रानं, कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास. तिनं हातानं मागची लोखंडी कडी घट्ट धरली होती. हा रस्ता तिला पाठ होता, पण पाठ होता तो कामासारखा. कुठं खड्डा, कुठं शाळेची पोरं आडवी येतात, कुठल्या वस्तीतला कुत्रा चाकामागं लागतो. याची सुरुवात कशी झाली तेही तिला आठवत होतं. इंदापूरहून एका लग्नावरून येताना उजवीकडून म्हैस रस्त्यात आली. म्हैस चांगली मोठी, सावकाश चालणारी, पण यांच्या खांद्यात काही हालचालच होईना. तिनं ओरडायच्या ऐवजी त्यांचा खांदा दाबला. गाडी वळली. पुढच्या खेपेला निघताना ते म्हणाले, "जरा पुढं सरकून बस." एवढंच. त्यानंतर आपोआप सगळं ठरत गेलं. चार बोटं दाबली की उजवीकडं काहीतरी आहे, अंगठा दाबला की डावीकडं, आणि अख्खा पंजा रुतला की थांबायचं. त्यासाठी तिनं शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, एवढी कसली घाई? ती म्हणाली, आता यांच्याबरोबर फिरायचंय. बायका हसल्या, हेवाही वाटला असेल कुणाला. आणि ते खोटं होतं असंही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाचा खांदा तिला या दिवसांत कळला. हात ठेवला की तो आधी ताठ होई, मग हळूहळू सैल पडे. रात्री अंथरुणात जे कधी कळलं नाही ते भर दुपारी, लोकांच्या देखत, चालत्या गाडीवर कळत होतं. फक्त त्या वेळी तिला दुसरं काही बघता येत नसे. बगळे नाहीत, रानं नाहीत, आभाळ नाही. घरी आल्यावर डोळे मिटले तरी रस्ता पळतच राही, आणि झोपेत तिची बोटं उशी दाबत.

आज हा मुलगा चालवत होता. खड्डा आला, त्यानं चुकवला. कुत्रा आला, त्यानं हॉर्न दिला. तिला काही करावं लागत नव्हतं. सैल बसावं, इकडंतिकडं बघावं असं तिनं ठरवलंही. तिला दिसलं की अमुक एका विहिरीपाशी चिंचेचं झाड आहे, आणि ते फार जुनं आहे, म्हणजे आपण शंभरदा त्याच्यापुढून गेलो. एवढ्यात काटेवाडीच्या पुढं एक उसाची बैलगाडी डाव्या बाजूनं रस्त्यावर चढली. बरीच लांब होती. तरी तिचा हात कडीवरून सुटला आणि रविंद्रच्या खांद्यात पुरा रुतला. त्यानं दचकून ब्रेक दाबला, गाडी फरफटत थांबली, इंजिन बंद पडलं.

"काय झालं काकू? लय दुखतंय का?"

"नाही. काही नाही."

"मला सांगायचं की. मी सावकाश घेतो," तो म्हणाला, आणि पुढं कालव्याच्या पुलापर्यंत त्यानं गाडी इतकी हळू नेली की सायकलवाले पुढं गेले. पुलापाशी त्यानं गाडी उभी केली. "उतरा. कंबर मोकळी करा जरा." कठड्याला टेकून ती उभी राहिली. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, गढूळ, आवाज न करता जाणारं. मुलगा दोन पावलं दूर, तोंड दुसरीकडं करून उभा होता, बाईमाणसाला संकोच वाटू नये म्हणून. त्या पाठमोऱ्या उभं राहण्यानंच बहुधा तिच्या आतलं काहीतरी ढिलं झालं.

"माझी कंबर चांगली आहे," ती म्हणाली. "यांना दिसत नाही. दोन वर्षं होतील. गाडी ते चालवायचे, पण रस्ता मी बघत होते."

तो वळला. ती सांगत गेली. म्हैस, बोटं, अंगठा, पंजा. सांगताना ते फार थोडं वाटत होतं, चार वाक्यांत संपलं. हे कुणाला सांगितलं तर काय होईल, याचा तिनं कितीदा विचार केला होता. समोरचा माणूस काय म्हणेल? बाई, तुम्ही कसं केलंत? किंवा नुसता गप्प बसेल. रविंद्रच्या कपाळावर आठी पडली. तो गाडीजवळ गेला, पुढच्या चाकासमोर उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून चाक धरणारा चिमटा सरळ आहे का ते बघू लागला.

"म्हंजी काकू, कुटं धडकली होती का गाडी? खरं सांगा. चासीला मार न्हाय ना?"

"नाही," ती म्हणाली. "कुठंही धडकलेली नाही."

"न्हाय, विचारल्यालं बरं. आईचं म्हणणं हाय, जुनी गाडी घ्यायची तर रगत सांडल्याली नको." त्यानं हँडल डावीउजवीकडं फिरवून पाहिलं, चाकाच्या तारांवरून बोट फिरवलं. त्याचं काही चुकत नव्हतं. तो गाडी घ्यायला आला होता. तिला हसू यावं असं वाटलं, पण आलं नाही. इतके दिवस जपलेलं एकदाचं बाहेर काढलं, आणि ते गाडीच्या कामाचं निघालं. मग हात झटकत तो उठला, आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "काका किती झोकात चालवायचे. आमाला वाटायचं, असं चालवता आलं पायजे." थोड्या वेळानं म्हणाला, "मी काकांम्होरं काय बोलत न्हाय. तुमी काळजी करू नका."

परत येताना तिनं हात कडीवरून काढला नाही. घर जवळ आलं तसे रघुनाथराव दारात उभे दिसले. गाडीचा आवाज त्यांना चौकापासूनच आला असणार. "कशी काय वाटली?" त्यांनी विचारलं. "मस्त हाय काका. एक लंबर," रविंद्र म्हणाला. व्यवहार आत बसून लगेच झाला. कुणी घासाघीस केली नाही. तिला वाटलं, मुलगा जरा जास्तच हळू बोलतोय, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. पाण्याचा ग्लास त्यानं रघुनाथरावांच्या हातात देताना त्यांची बोटं त्याच्याभोवती मिटेपर्यंत सोडला नाही. तिनं नजरेनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता, त्यांच्याकडं बघत होता. किल्ली द्यायला रघुनाथराव स्वतः बाहेर निघाले. चार पावलं, दार, डावीकडं.

"पायरी हाय, काका," रविंद्र म्हणाला, आणि त्यानं त्यांच्या कोपराला हात लावला.

रघुनाथराव थांबले. एक पाय उचललेला होता तो त्यांनी परत खाली टेकला. असा इशारा या घरात त्यांना कुणी दिला नव्हता. मंदाकिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला त्यांच्या मानेचा फक्त मागचा भाग दिसत होता, आणि कॉलरच्या वर ती मान हळूहळू लाल होत गेली. रविंद्रच्या लक्षात आलं असावं. त्यानं हात काढून घेतला आणि तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"माहीत आहे," रघुनाथराव अगदी सौम्य आवाजात म्हणाले. "मीच बांधलीय ती." आणि पायरी उतरून त्यांनी किल्ली पुढं धरली. "जप तिला. थंडीत चोक दिल्याशिवाय लागत नाही."

रविंद्र वाकून दोघांच्या पाया पडला. गाडी फाटकातून बाहेर गेली, चौकात थांबली, वळली. आवाज बराच वेळ येत राहिला; तिला ऐकू येईनासा झाला तरी रघुनाथरावांना येत असावा, कारण त्यांनी मान तिरकीच ठेवली होती. मग ते त्या पायरीवर बसले. असे ते कधी बसत नसत. ती आत जाऊन कप विसळून आली, तरी ते तिथंच होते. तिला वाटलं, आता विचारतील. काय सांगितलंस त्याला, का सांगितलंस. तिनं उत्तरंही जुळवायला घेतली. ती त्यांच्याशेजारी, हातभर अंतर सोडून बसली. अंगणात उजव्या हाताला ऑइलचे काळे डाग आणि स्टँडचा खळगा एवढंच उरलं होतं. त्यांनी दुपारचं जेवण नको म्हटलं. तिनंही केलं नाही. उन्हं अंगणातून कुंपणावर गेली, कुंपणावरून शेजारच्यांच्या गच्चीवर.

"त्या दिवशी," रघुनाथराव म्हणाले, "कळंबहून येताना. तुझा हात उशिरा आला."

कळंबला दत्तोबांच्या मळ्यावर ती दोघं गुऱ्हाळाला गेली होती. निघायला संध्याकाळ झाली. भांडण नव्हतं, काही नव्हतं, उलट यांचा मूड चांगला होता. रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, उसानं भरलेली एक ट्रॉली सोडून ट्रॅक्टरवाला कुठंतरी गेला होता. मागं दिवा नाही, चाकाखाली दगड. ती तिला लांबूनच दिसली. उसाच्या शेंड्यांची वाढी मागं लोंबत होती आणि वाऱ्यानं हलत होती. तिचा हात खांद्यावर होता, खांदा सैल होता. आणि ती नुसती बघत राहिली. राग आला होता म्हणावं तर तसं नव्हतं. मरावं, मारावं, असं काहीच मनात नव्हतं. फक्त डोळ्यांना जे दिसतंय ते हातापर्यंत पोचवायचं काम आपलं नाही असं वाटलं. बघणारी एक आणि बसलेली दुसरीच. किती दिवसांनी असं स्वस्थ वाटत होतं. ट्रॉली मोठी होत आली, एकेक पान वेगळं दिसायला लागलं, आणि मग पंजा रुतला. तिनं रुतवला असं ती म्हणू शकली नसती. गाडी कशीबशी वळली, उसाची पानं तिच्या गालावरून कापत गेली. घरी येऊन तिनं गालाला हळद लावली. ती त्यांना दिसली नाही. तिला भीती ट्रॉलीची वाटली नव्हती. त्या स्वस्थपणाची वाटली होती. सकाळी उठून तिनं सांगितलं, माझी कंबर दुखते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या "बरं"च्या आधीपासून. ताडपत्रीची दोरी आवळताना, आज त्या मुलाला सांगताना, सगळा वेळ.

रघुनाथराव गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होते. "दमली होतीस," ते म्हणाले. "झोप लागली असेल तुला."

त्यांच्या आवाजात प्रश्न नव्हता. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस तिला एक वाक्य देत होता, आणि ते घ्यायचं की नाही ते तिच्यावर सोडून थांबला होता. कितीतरी बोलता आलं असतं. बोलायला संध्याकाळ होती, उद्याचा दिवस होता, पुढची सगळी वर्षं होती.

"हो," ती म्हणाली. "डोळा लागला होता माझा."

"वाटलंच मला."

शेजारच्यांनी दिवा लावला. गारठा जाणवायला लागला. रघुनाथराव गुडघ्यांवर जोर देऊन उठले, आणि आत जायच्या ऐवजी, तिनं धरावा म्हणून त्यांनी हात पुढं केला. असा हात त्यांनी आजवर कधी मागितला नव्हता. हात त्यांनी उजवीकडं, जिथं गाडी उभी असायची तिकडं केला होता. ती डावीकडं बसली होती. क्षणभर ती त्या हाताकडं बघत राहिली. मग आवाज न करता उठली, त्यांच्या मागून वळसा घालून पलीकडं गेली आणि तिथं जाऊन तिनं तो धरला.